ऊन वाळूची परीक्षा

आमच्या घरात वाळू सगळीकडे असे. रहाटणीतल्या त्या दोन पत्र्याच्या खोल्यांत आई दिवसातून तीनदा केर काढी, तरी अंथरुणाच्या घडीत, हंड्याच्या बुडाशी, माझ्या वह्यांच्या शिवणीत ती काळी, बारीक, तेलकट वाळू सापडेच. ती नदीची वाळू नव्हती. चिंचवडच्या बाजूला ज्या ओतकामाच्या कारखान्यात माझे वडील कामाला होते, तिथे लोखंडाचा रस ओतण्यासाठी वाळूचे साचे करत. ती वाळू जळून जळून काळी झालेली असे आणि रोज नव्याने माती व पाणी घालून मळली जाई. वडील शिफ्ट सुटून आले की दाराबाहेरच्या फरशीवर उभे राहून कपडे झटकत. त्या झटकण्याचा आवाज, मग तांब्याने अंगावर पाणी घेण्याचा, आणि त्याच सुमाराला आत परातीत भाकरी थापण्याचा. हे तीन आवाज एकामागून एक ऐकू आले म्हणजे संध्याकाळ झाली, असे मी समजत असे. घड्याळ आमच्याकडे पुष्कळ उशिरा आले.

वडिलांचे नाव किसन भिवा. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. कारखान्यात कामगार त्यांना किसनमामा म्हणत आणि साहेब लोक नुसते किसन. हे नाव मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण मला जे सांगायचे आहे त्यात नावे गळून पडण्याचा भाग मोठा आहे, आणि तो काही अंशी माझ्या हातून झाला आहे.

आबांचे काम वाळूच्या मिलवर होते. मिल म्हणजे एक प्रचंड लोखंडी परात. तिच्यात दोन जड चाके फिरत आणि वाळू, माती, पाणी एकजीव करत. आबा तिच्या तोंडाशी उभे राहात. मधूनच हात घालून एक मूठ उचलत, दाबत, उघडत. तळहातावरच्या गोळ्यावर बोटांचे ठसे कसे उठले ते पाहात, मग दोन्ही हातांनी तो गोळा मोडत आणि मोडलेली कड निरखत. कड धारदार निघाली तर मान हलवत. नाहीतर "अजून पाणी" किंवा "पाणी लई झालं, सुकी घाला" एवढेच बोलत. त्यांनी मान हलवेपर्यंत साचे भरणारा एकही मोल्डर वाळूला हात लावत नसे, कारण वाळू ओली राहिली तर लोखंडात वाफ कोंडून भोके पडत आणि कोरडी राहिली तर साचा ढासळे. मोल्डरांत वडीलधारे होते खंडूभाऊ, रहाटणीच्याच जुन्या घराण्यातले. ते म्हणत, "किसनमामाची मूठ उघडल्याबिगर आमचा दिस उगवत न्हाई." हेच खंडूभाऊ आपल्या घरी आबांना चहा देत तो वेगळ्या कपातून, तो कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला असे आणि पिऊन झाल्यावर आबा तो स्वतः विसळून पुन्हा पालथा ठेवत. आमच्या मूळ गावी तर त्या हाताचा स्पर्श झालेले पाणी ओतून टाकत. आम्ही बौद्ध झालो, दर पौर्णिमेला आबा मला सायकलच्या नळीवर बसवून देहूरोडच्या विहारात नेऊ लागले, पण कोनाड्यातला कप कोनाड्यातच राहिला. अशा माणसाच्या मुठीकडे रोज सकाळी चाळीस माणसे डोळे लावून उभी राहात. आबांना यातून काय मिळत होते, हे त्या वयात मला समजायला हवे होते. मी तेवढा हुशार खचितच होतो.

आईचेही असेच होते. पिठात पाणी किती घालायचे ते ती माप घेऊन ठरवत नसे. नवी ज्वारी कमी पाणी मागते, जुन्या पिठाला चिकटपणा उरत नाही, मग आधणाचे पाणी लागते. हे तिच्या बोटांना ठाऊक होते. आबा तिला चिडवत, "ही आमची बिनपगारी मिल." आई म्हणे, "तुमच्या मिलवर कांदा तरी मिळतो का तोंडी लावायला?" मग आम्ही तिघे जेवायला बसत असू. भाकरी, लसणाचा ठेचा, थंडीत हुलग्याची शेंगोळी, आणि महिन्यातून एखाद्या वेळी सुकट. त्या जेवणासारखे जेवण मी नंतर जेवलो नाही असे मी म्हणणार नाही. त्याहून चांगले पुष्कळ जेवलो. पण आबा समोर बसून भाकरी मोडत आणि मोडलेल्या कडेकडे क्षणभर पाहात, ते पाहणे मात्र पुन्हा कुठे दिसले नाही.

मी विज्ञान शिकलो आणि आबांच्याच कारखान्यात, नव्याने उघडलेल्या वाळूच्या प्रयोगशाळेत उमेदवार म्हणून लागलो. प्रयोगशाळेच्या साहेबांचे नाव मला स्वच्छ आठवते. ते मी इथे लिहीत नाही. काम सोपे होते. ठराविक वाळू तोलायची, छोट्या भट्टीत सुकवायची, पुन्हा तोलायची. जेवढे वजन घटले तेवढे पाणी. पण किती पाणी म्हणजे बरोबर, हे त्या तराजूला माहीत नव्हते. परदेशी पुस्तकातले आकडे आमच्या वाळूला लागू पडेनात. तेव्हा साहेब म्हणाले, "तुझे वडील जिला बरोबर म्हणतात ती वाळू तोल. ओली म्हणतात ती तोल. तक्ता आपोआप तयार होईल."

आणि तसा तो झाला. तीन आठवडे मी जेवणाच्या डब्यातून वाळूचे नमुने घरी आणत होतो. आई डबा आपटून म्हणे, "उद्यापासून भाजीऐवजी हीच खा." आबा अंघोळ करून, स्वच्छ बंडी घालून ओट्यावर बसत आणि मी पुढे केलेल्या नमुन्याची मूठ वळत. "एक बोट कमी." "बरोबर." "ही पार ओली, तळव्याला डसतीय बघ." मी लिहून घेत होतो. एका लिहिणाऱ्या माणसाने, त्यातून स्वतःच्या मुलाने, आपल्याला काही विचारावे, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होती. विचारले त्यापेक्षा जास्त ते सांगत. एका संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या उस्तादांची गोष्ट सांगितली. आबा कारखान्यात नवे असताना मिलवर उत्तरेकडचे एक म्हातारे कारागीर होते. त्यांनी आबांचा हात धरून वाळूत घातला आणि हात शिकवला. आबांनी घाईने उत्तर दिले की ते हातातल्या थापीने बोटांच्या पेरांवर मारत.

"कशाची घाई?" मी विचारले.

"ऊन वाळूची," आबा म्हणाले. "साच्यातून नुकती फोडून काढलेली वाळू ऊन असती. ती हाताला घाम आणती. मग कोरडी आसंल तरी ओली लागती. लय लबाड. उस्ताद म्हनायचे, हाथ ठंडा, रेत ठंडी, तब बोल. निवू द्यायची, मगच बोलायचं. हे कुनाला सांगू नगंस बरं का, आपल्या धंद्यातली आतली गोष्ट हाय."

तक्ता तयार झाला. निळ्या शाईत, चौकटी आखून, मी तो भिंतीवर लावला. आबांची सारी मूठ त्याच्यात आली होती. आता मिलवर कुणीही उभा राहिला तरी चालणार होते. पण खंडूभाऊ आणि इतर मोल्डर ऐकेनात. आकडा आला तरी ते आबांच्या मानेकडे बघत. साहेबांना त्याचा फार राग येई. उमेदवारांपैकी एकालाच कायम करायचे होते, आणि माझ्या मागे "मूठवाल्याचा पोरगा" अशी कुजबुज चाले. साहेबांनी मला बोलावून सांगितले, "सगळ्यांसमोर परीक्षा घेऊ. दहा घमेली. एकीकडे तराजू, एकीकडे किसन. नमुने तू तयार कर. वडील आहेत म्हणून मऊ वागशील, अशी मला शंका आहे. ती दूर कर."

माझी तेव्हा एक श्रद्धा होती, तीही सांगतो. मोजमापाला जात नसते, असे मला वाटे. तराजूच्या काट्यापुढे खंडूभाऊंचा आणि माझा हात सारखा, म्हणून तराजू आपला, मूठ ही जुन्या जगाची. या श्रद्धेत खोटे काही नव्हते. पण त्या सकाळी मी जे केले ते या श्रद्धेपोटी केले, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो, आणि ते खोटे होते. मला फक्त कायम व्हायचे होते.

सात घमेली मी सरळ भरली. तीन मात्र साचे फोडण्याच्या जागेवरून, नुकत्या फुटलेल्या साच्यांच्या वाळूने भरली आणि वाफ दिसू नये म्हणून वरून थंड वाळूचा पातळ थर पसरला.

जेवणाच्या सुट्टीपूर्वी सगळे मिलभोवती जमले. आबांनी हात धुतले, पुसले. पहिली पाच घमेली त्यांनी बिनचूक सांगितली. मोल्डर हसू लागले, कोणी शिट्टी वाजवली. सहाव्यात त्यांनी हात घातला आणि तो तसाच आत राहिला. ते साहेबांकडे वळून म्हणाले, "ही ऊन हाय साहेब. निवू द्या, मग सांगतो."

"किसन, वाळू निवेपर्यंत कारखाना थांबतो का?" साहेब म्हणाले. "येत नसेल तर येत नाही म्हण."

या वेळी कामगारही हसले. ते हसणे वेगळे होते. आबांनी माझ्याकडे पाहिले. घमेली कुणी भरली हे त्यांना माहीत होते, आणि ऊन वाळूची गोष्ट त्या घोळक्यात आणखी एकाच माणसाला माहीत होती. माझ्या हातात पेन्सिल आणि कागद होता. "वाळू ऊन आहे, त्याचा हिशेब धरायला हवा," एवढे मी म्हणालो असतो तरी पुरे होते. मी म्हणालो, "उत्तर सांगा, लिहायचं आहे." आबा अशी हाक मी मारली नाही.

मग आबांनी आयुष्यात पहिल्यांदा अंदाज केला. हाताला ओली लागते म्हणजे बरोबर असेल, असा तर्क करून ते "बरोबर" म्हणाले. ती कोरडी होती. आठव्याला त्यांनी उलटा तर्क केला, तोही चुकला. दहाव्याला त्यांनी हातच घातला नाही. "तुमीच लिवा," असे म्हणून ते बाजूला झाले. साहेबांनी कागद वर धरून सर्वांना दाखवला. खंडूभाऊ हळूच म्हणाले, "मामा, म्हातारा झाला राव तुमचा हात." त्यात कीव होती, आणि थोडा आनंदही होता. तो मी ओळखला, कारण तसाच माझ्याही मनात होता.

त्या संध्याकाळी कपडे झटकण्याचा आवाज झाला, पाण्याचा मात्र बराच वेळ थांबला नाही. आईने बाहेर जाऊन पाहिले तर आबा नुसते हात धूत बसले होते. जेवताना तिने विचारले, "काय झालं आज?" आबा म्हणाले, "काय न्हाई. आपला पोरगा पास झाला." आईने आनंदाने माझ्या ताटात शेंगोळीचा आणखी एक डाव वाढला आणि मी तो खाल्ला.

पुढच्या सोमवारी आबांना फेटलिंगला टाकले. तिथे निवलेल्या कास्टिंगवरची, म्हणजे ओतीव भागांवरची, चिकटलेली वाळू आणि जादा लोखंड तोडून, घासून काढत. दिवसभर घणांचा आणि चाकांचा आवाज, आणि अशी धूळ की माणसे हातवाऱ्यांनी बोलत. आई कपडे धुई ते पाणी तीनदा बदलले तरी काळेच निघे. पौर्णिमेला आबा देहूरोडला जाताना मी अंगणात उभा होतो. ते एकटेच सायकलवर बसून गेले.

उन्हाळा लागला आणि कास्टिंग खराब निघू लागली. बाहेरून गुळगुळीत, फोडली की आत भोकेच भोके. काम वाढले होते. फोडलेली वाळू निवायला वेळ न मिळता पुन्हा मिलमध्ये पडत होती. आम्ही नमुना घेऊन प्रयोगशाळेपर्यंत जाईतो तिच्यातले पाणी वाटेतच उडे, तराजू तिला कोरडी म्हणे आणि मिलवरचा नवा माणूस आणखी पाणी सोडी. हाताला ओली, तराजूला कोरडी. ऊन वाळूने दोघांनाही फसवले होते. मला हे पहिल्याच दिवशी कळले. मी बोललो नाही. बोललो असतो तर कुणीतरी विचारले असते की हे तुला कुठून कळले, आणि मग त्या तीन घमेल्यांपर्यंत यायला फार वाट उरली नसती. साहेब मोल्डरांना निष्काळजी म्हणाले, दोघांना घरी बसवले. खंडूभाऊ मला वाटेत गाठून म्हणाले, "भावा, तुमच्या तराजूला घाम येत न्हाई, म्हून त्याला कळंना व्हय?" मी हसून पुढे गेलो.

तीन आठवडे ती खराब कास्टिंग फेटलिंगच्या दाराशी ढिगाने पडत होती, आणि पुन्हा वितळवण्यासाठी ती घणाने फोडणाऱ्यांत आबा होते. त्यांनी भोके पाहिली. ते मुकादमाकडे जाऊन म्हणाले, "वाळू ऊन लागतीय, निवू द्यायला सांगा." मुकादम म्हणाला, "मामा, तुमी तर नापास झालेले ना?" हे मला फेटलिंगच्याच एकाने हसत हसत सांगितले. विनोद म्हणून सांगितले.

शेवटी मीच तो शोध लावला. तसे म्हणायला हवे, कारण कागदोपत्री तसेच आहे. दोन दिवस थंड आणि ऊन नमुने तोलून मी तुलना मांडली आणि साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती इंग्रजीत टाइप करवली. प्रयोगशाळेच्या सूचनांतली ती सहावी सूचना. खाली माझी सही. त्याच महिन्यात मी कायम झालो.

परवा चाकणजवळच्या एका नव्या फौंड्रीत मला सल्ल्यासाठी बोलावले होते. तिथे वाळूला हात लागत नाही. ती पट्ट्यावरून येते, थंड करणाऱ्या यंत्रातून जाते आणि जरा ऊन राहिली तर पडद्यावर तांबडी चौकट उजळते. तिथल्या तरुण इंजिनिअर बाईंनी मला ते सारे उत्साहाने समजावून सांगितले. मी विचारले, "हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल?" त्या जरा गोंधळल्या. "सर, हे बेसिक आहे. कुणाच्या लक्षात आलं असं काही नसतं, ते माहीतच असतं." त्यांचे काही चुकले नाही. माहीत असलेल्या गोष्टी अशाच दिसतात, जणू त्या कुणाच्या हाताला कधी डसल्याच नव्हत्या.

सूचना लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, आबा प्रयोगशाळेच्या दाराशी आले. फेटलिंगची धूळ त्यांच्या भुवयांवर होती. ते आत आले नाहीत. बाहेरच्या फळ्यापुढे उभे राहिले. मी बाहेर गेलो.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारले.

मी मराठी करून सांगितले. वाळू थंड झाल्याशिवाय माप घेऊ नये.

त्यांनी ऐकून घेतले. मग सहीवर बोट ठेवले. कागदाला डाग पडू नये म्हणून जरा अंतर ठेवून. "हे कुनाचं?"

"माझं."

ते सहीकडेच पाहात राहिले. फेटलिंगमध्ये राहून त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते, म्हणून मी पुन्हा सांगितले. "ऐकलं," ते म्हणाले. "माझं ऱ्हाऊ दे. तुला द्यायचं व्हतं ते मी दिलं. पर उस्तादाचं नाव तरी टाकायचं व्हतं रं. त्यांनी मला ते फुकट न्हाई दिलं, मार देऊन दिलंय." आणि त्यांनी मला उस्तादांचे पूर्ण नाव सांगितले, बापाच्या नावासकट, गावासकट. घरी आम्ही नुसते उस्ताद म्हणत असू, ते नाव मी प्रथमच ऐकत होतो. मग त्यांनी ते आणखी एकदा, सावकाश, मला लिहिता यावे अशा बेताने उच्चारले.

पेन्सिल माझ्या खिशात होती. भोंगा झाला होता, साहेब व्हरांड्यातून येताना दिसत होते, आणि धुळीने माखलेल्या फेटलिंगच्या कामगाराशी मी बोलताना त्यांनी मला पाहावे, असे मला वाटत नव्हते. मी मान हलवली. "टाकतो," म्हणालो.

आबा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. छातीत धूळ साठून गेले. खंडूभाऊही गेले. हे प्रकरण मी लिहायला घेतले ते त्या एका नावासाठी, ते कुठेतरी शाईत यावे म्हणून. गेले तीन महिने मी आठवून पाहतो आहे. आबांचा आवाज येतो, नावाची लांबी आठवते, मध्ये ते कुठे थांबले तेही आठवते. नाव आठवत नाही.